एकाच हाताला लागलेली गाडी

काही गाई एकाच हाताला लागलेल्या असतात. दुसऱ्या कुणी कासेला हात घातला की लाथ बसलीच म्हणून समजा. स्टोअरसाहेबांची मोटार त्याच जातीची आहे असं अख्खी कॉलनी म्हणायची, आणि ही बातमी पसरवली होती खुद्द स्टोअरसाहेबांनीच. ते बसले आणि किल्ली फिरवली की गाडी पहिल्या झटक्यात गुरगुरायची. त्यांची बायको बसली की नुसती खोकत राहायची, आणि शेवटी बॅटरी दमून गप्प व्हायची. मग साहेब हात पुसत यायचे, बायकोला उठवायचे, स्वतः बसायचे, सीटखाली हात घालून सीट जराशी मागेपुढे करायचे आणि किल्ली फिरवायचे. गाडी लगेच चालू.

"आधी बैठक जमली पाहिजे," ते म्हणायचे. "बैठक जमली की गाडी हाताला लागते. तुझी बैठकच जमत नाही, त्याला गाडी काय करणार?"

बैठक जमावी म्हणून काकूंनी, म्हणजे साहेबांच्या बायकोने, काय काय केलं ते सांगायला लागलं तर हसू येईल. पाठ ताठ ठेवून बघितली. उशी घेऊन बघितली, उशी काढून बघितली. चपला बाहेर काढून अनवाणी बसून बघितलं. एकदा तर आजूबाजूला कुणी नाही असं बघून त्यांनी गाडीची माफीसुद्धा मागितली. गाडी खोकली आणि गप्प बसली.

बरं, चालवता येत नव्हती असं नाही. साहेबांनी चालू करून दिली की काकू ती घाटातून अशा खाली न्यायच्या की साहेब शेजारी बसून डुलक्या घ्यायचे. लायसन्स होतं, आणि मुदत संपली की त्या नेमाने जाऊन नवं करून आणायच्या. "कशाला?" साहेब हसायचे. "फोटो छान येतो म्हणून?" गाडी चालवता येते पण चालू करता येत नाही, असा हा जगावेगळा ड्रायव्हर होता, आणि कॉलनीतल्या लोकांना चहाबरोबर हसायला तेवढं पुरत होतं.

साहेब खाणीच्या कंपनीत स्टोअरकीपर होते. खिळ्यापासून क्रेनच्या साखळीपर्यंत सगळं त्यांच्या सहीशिवाय हलत नसे. हुद्दा नवऱ्याचा, पण नाव बायकोलाही चिकटलं, आणि त्या सगळ्यांच्या स्टोअरकाकू झाल्या. माणूस वाईट नव्हता. आवाज चढवला नाही, पगार लपवला नाही, कधी कुठे जाऊ नको म्हणून सांगितलं नाही. उलट त्यांचं पेटंट वाक्य ठरलेलं होतं, "जा की. मी कुठे अडवलंय?" अडवणाऱ्याशी भांडता तरी येतं. न अडवणाऱ्याशी काय भांडणार?

आता खाण बंद पडून बरीच वर्षं झाली होती. टेकडीवरच्या कॉलनीत बहुतेक क्वार्टरांना कुलपं होती, खिडक्यांतून झाडं उगवली होती. गवताने रस्ता दोन्ही बाजूंनी खात आणला होता. उन्हाळ्यापासून बसही वर यायची थांबली. राहिलेल्या चार घरांत एक साहेबांचं आणि शेजारचं कंपनीच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरचं. साहेबांच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला होता. उजेड कळायचा, माणूस सावलीसारखा कळायचा, त्यापलीकडे काही नाही. डोळे गेले तशी गाडी घराशेजारच्या पत्र्याच्या गॅरेजात गेली, तिच्यावर जुनी चादर पडली, आणि आठ-नऊ वर्षांत ती चादर कुणी उचलली नाही. काकू सकाळी उठायच्या, डोळ्यांत थेंब घालायच्या, पेपर वाचून दाखवायच्या, भाकरी करायच्या, खिडकीतून रस्त्याकडे बघायच्या. रस्त्यावर काही नसायचं. घर मोठं होतं, पण काकूंना त्यात श्वास पुरत नसे.

आणि मग एके दुपारी धाकट्या बहिणीचा फोन आला.

धाकटीची डोंगरापलीकडच्या गावाबाहेर रोपवाटिका होती. शिडीवरून पडून तिचा पाय मोडला होता, प्लास्टर मांडीपर्यंत. "माझ्यानं आता हे होत नाही गं," ती म्हणाली. "लावणीचा हंगाम तोंडावर आलाय, रोपं तयार आहेत, पोचवायला कुणी नाही. शेजारचा बिल्डर जागा मागतोय. महिनाअखेरपर्यंत बघते, नाहीतर देऊन टाकते त्याला. तू ये. नुसती बघायला नको, राहायला ये. अर्धी तुझी. आणि तुमची ती गाडी घेऊन ये, तिच्या मागच्या भागात चाळीस कुंड्या सहज मावतात."

काकूंनी फोन ठेवला आणि माळ्यावरून कपड्यांची बॅग काढली. इतक्या वर्षांत कुणी त्यांना 'ये, तुझी गरज आहे' असं म्हटलं नव्हतं, थेंब घालण्यापलीकडे.

साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "जा की," ते म्हणाले. "मी कुठे अडवलंय?"

"हंगामापुरती जाईन. मधूनमधून येत जाईन. कंपाउंडरभावजी जेवणाचं, थेंबांचं बघतो म्हणालेत. मी विचारलंय."

"विचारलंस पण? छान. मग जा. गाडी चालू कर नि जा." आणि जरा थांबून हसून म्हणाले, "तुझ्या हाताला लागली तर."

मिस्त्री आला तो खालच्या गावातून, आपल्या स्कूटरवर. स्कूटर चढावर ढकलत आणली होती. ज्याला स्वतःची स्कूटर चालू करता येत नाही तो मोटार काय चालू करणार, हा प्रश्न काकूंच्या ओठांवर आला होता, पण अडला हरी. त्याला सगळे 'होऊन जाईल' म्हणत, कारण कुठलंही काम दाखवलं की त्याचं उत्तर एकच असायचं.

"होऊन जाईल काकू," चादर उचलून तो म्हणाला. चादरीखालून एक उंदीर निघाला आणि दोघांच्या मधून सावकाश चालत गेला. त्याला घाई नव्हती, घर त्याचं होतं.

होऊन जाईलने काम मात्र मनापासून केलं, हे कबूल करायला पाहिजे. बॅटरी तर मेलेलीच होती, नवी आणून बसवली. टाकीतलं पेट्रोल काढलं तर त्याला सुतारकामाच्या दुकानासारखा वास येत होता आणि तळाला गुळासारखा चिकट थर होता. टाकी धुतली, कार्बोरेटर खोलून त्यातली भोकं तारेने साफ केली, कुजलेला रबरी पाइप बदलला. ब्रेक चाकाला चिकटून बसले होते, ते हातोडीने समजावून सोडवले. टायरांत हवा भरली, दोन टायरांनी ती धरली, दोन नवे घ्यावे लागले. एअर फिल्टरमध्ये उंदरांनी कापूस, कागद आणि काकूंची हरवलेली एक लोकरीची टोपी घालून छान बिऱ्हाड थाटलं होतं. ते रिकामं करताना काकूंना उगाचच वाईट वाटलं.

साहेब ओसरीत खुर्ची टाकून बसत आणि आवाजावरून सगळं ओळखत. मिस्त्री गाडीत बसायला दार उघडायचा तेव्हा दाराची कुरकुर ऐकून ते ओरडायचे, "सीटखाली हात घालू नको रे! तिथला पत्रा कापतो!"

"नाही घालत साहेब."

काकूंनाही ते हेच सांगत आले होते, लग्नाच्या पहिल्या वर्षापासून. सीट पुढे घ्यायची तर मीच घेऊन देतो, तुझं बोट चेमटेल. तेवढी काळजी ते घ्यायचे. काकूंनी सीटखाली कधी हात घातला नाही.

"उद्या निघायचं काकू," होऊन जाईल एका संध्याकाळी म्हणाला, आणि काकूंनी केव्हाची भरून ठेवलेली कपड्यांची बॅग नेऊन डिकीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी किल्ली फिरवली. इंजिन गरगर फिरलं, खोकलं, फिरलं, पण पेटलं नाही. मिस्त्रीने चोक ओढला, सोडला. प्लग काढून पुसले, नवे घातले. एक प्लग इंजिनच्या अंगाला टेकवून धरला आणि काकूंना किल्ली फिरवायला सांगितली. ठिणगी पडायला हवी होती. पडली नाही.

"कॉइल गेली," तो म्हणाला. "होऊन जाईल." नवी कॉइल आली. ठिणगी नाही. मग कॉइलच्या पुढचं जे जे बदलता येतं ते सगळं बदललं. तरी ठिणगी नाही.

"किल्ली फिरवली की हा लाल दिवा लागतो, म्हणजे करंट येतोय," मिस्त्री स्वतःशीच म्हणाला. "मग जातोय कुठे?" संध्याकाळपर्यंत तो गाडीच्या पोटात डोकं घालून होता. मग बाहेर आला, हात पुसले, आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसरं वाक्य बोलला. "नाही व्हायचं काकू. आतून वायरिंग गेलंय. जुना माल आहे, भंगारात द्या."

होऊन जाईलच जेव्हा नाही व्हायचं म्हणतो, तेव्हा माणसाने बघायचं कुणाच्या तोंडाकडे? काकू गॅरेजच्या दाराला टेकून उभ्या राहिल्या. खाली स्कूटर उतारावरून सुटल्याचा आवाज आला, आणि मग पुन्हा ती टेकडीवरची शांतता, जिचा त्यांना आताशा तिटकारा आला होता.

साहेब त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त जेवले. जेवून गुणगुणलेसुद्धा. "राहू दे गं आता," ते मायेने म्हणाले. "तिला सांग, नाही जमत म्हणून. तुझ्या हाताला ती गाडी कधी लागली नाही, आता काय लागणार? चार लोकांच्या टेम्पोत बसून जाण्यापेक्षा आपलं घर बरं. तरी तुला जायचंच असेल तर जा. मी कुठे अडवलंय?"

काकूंना रडू आलं नाही, राग आला. कुणाचा ते मात्र कळेना. गाडीचा म्हणावा तर ती निर्जीव. नवऱ्याचा म्हणावा तर त्याने काही केलंच नव्हतं. उरला फक्त स्वतःच्या हाताचा.

सकाळी साहेबांना पेपर वाचून दाखवताना त्या मध्येच थांबल्या.

"काय झालं?"

"काही नाही," काकू म्हणाल्या, आणि पुढची बातमी वाचली. पण त्या बातमीत नव्हत्या. त्यांना मिस्त्रीचा प्रश्न आठवला होता. करंट येतोय, मग जातोय कुठे? हा प्रश्न त्यांच्या ओळखीचा होता.

लग्नाआधी आणि लग्नानंतर दीडएक वर्ष त्या रेडिओच्या कारखान्यात होत्या, जोडणीच्या बाकावर. लांबलचक बाक, प्रत्येकीसमोर एक दिवा, एक डाग द्यायची इस्त्री आणि वितळत्या कथलाचा वास. वायरीच्या टोकाला कथिल वितळवून जोडायचं, त्याला डाग देणं म्हणतात. चाळीस मुलींचे डाग चाळीस तऱ्हांचे असायचे. कुणाचा पसरट, कुणाचा टोकदार. काकूंचा डाग मोहरीएवढा, गोल, चकचकीत. बाकावरच्या मोठ्या बाई पेटीतून कुठलाही रेडिओ उचलून सांगायच्या की हा हिचा हात. आणि रेडिओ मुका निघाला तर मुली काय करायच्या? दिव्याची दोन टोकं घेऊन वायरीवर टेकवत टेकवत जायच्या. जिथपर्यंत दिवा लागतो तिथपर्यंत करंट आहे. जिथे विझतो तिथे चोर.

एवढं येत असून त्यांनी मोटारीवर कधी ते करून बघितलं नव्हतं. का, तर मोटार ही हाताला लागायची वस्तू होती, बैठकीची होती. ती वायरींवर चालते हे त्यांना माहीत होतं, पण ते स्वतःच्या बाबतीत खरं असेल असं कधी वाटलं नव्हतं.

पेपर संपवून त्यांनी साहेबांना चहा दिला. मग मिस्त्रीने गॅरेजात टाकून दिलेला गाडीचा एक दिवा घेतला, त्याला वायरीचे दोन तुकडे जोडले आणि बॉनेट उघडलं. एक टोक इंजिनच्या अंगाला लावलं, दुसरं कॉइलला. किल्ली चालू. दिवा लागला नाही. म्हणजे कॉइलपर्यंत करंट येतच नव्हता. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? मिस्त्री बिचारा सगळे पोहरे बदलून बसला होता.

त्या आत बसल्या, डॅशबोर्डच्या खाली डोकं घातलं आणि किल्लीच्या मागे टोक टेकवलं. दिवा लख्ख लागला. इथे आहे, तिथे नाही. चोर या दोन हातांच्या अंतरात होता.

किल्लीच्या मागून निघालेली पांढरी वायर मध्येच कापलेली होती. कापलेल्या दोन टोकांना दुसरीच वायर पिळून जोडली होती, घरातल्या टेबलफॅनला असते तसली काळी जोडवायर. वर टेप गुंडाळलेला, इतका जुना की हात लावताच त्याची पापडी झाली. जोड गलथान होता, ज्याला डाग देता येत नाही अशा माणसाचा. काळी वायर खाली उतरून पायाशी रबरी मॅटखाली शिरली होती.

काकूंनी मॅट उचलली. वायर चालली होती सीटकडे. मॅटखालून निघून ती ड्रायव्हरच्या सीटखाली गेली.

तिथला पत्रा कापतो.

काकूंनी सीटखाली हात घातला. पत्रा कुठेही कापला नाही. बोटांना लागला एक लहानसा खटका, गुळगुळीत, रोजच्या वापराने झिजलेला. त्यांनी खाली वाकून दिव्याच्या उजेडात पाहिलं. पितळेची दांडी, खाली दोन स्क्रू, आणि दोन्ही स्क्रूंपाशी काळ्या वायरीच्या टोकावर एकेक डाग. मोहरीएवढा, गोल. इतक्या वर्षांनीही चमक गेली नव्हती.

कुणाचा हात ते सांगायला मोठ्या बाईंची गरज नव्हती.

मग सगळं आठवलं, एकदम, कुणीतरी ढकलून दिल्यासारखं. कारखाना नदीपलीकडे हलला होता आणि पाळीच्या वेळेला बस नव्हती. साहेब कंपनीच्या जीपने जायचे, गाडी दिवसभर दारात उभी असायची. एका सकाळी काकूंनी किल्ली घेतली, गाडी चालू केली, हो, स्वतः चालू केली, पहिल्या झटक्यात, आणि कारखान्यात गेल्या. संध्याकाळी आल्या तेव्हा साहेब फाटकात उभे होते. काकूंनी खिडकीतून हात हलवला होता, इतक्या खुशीत होत्या. साहेब हसले होते. "छान चालवतेस की," एवढंच म्हणाले होते.

त्याच आठवड्यात त्यांनी हा खटका आणला. "टेबलावरच्या दिव्याला लावायचाय," म्हणाले होते. "दोन डाग दे ना. तुझ्या हातासारखा डाग कुणाला जमत नाही." आणि काकूंनी कौतुकाने फुलून जाऊन, जेवणाचं ताट बाजूला सारून, दिले होते.

त्यानंतर ती गाडी त्यांच्या हाताला लागली नाही. कारखान्यात उशिराच्या खुणा पडत गेल्या, मग एक दिवस नोकरी सुटली. साहेबांनी समजूतही काढली होती. जाऊ दे, मी आहे ना, म्हणाले होते. टेबलावर दिवा कधी आलाच नाही, आणि कुठे गेला असं काकूंनी कधी विचारलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथे तर कळसा स्वतःच घडवून दिला होता.

त्या गॅरेजात सीटवर बसून राहिल्या. पत्र्याच्या भिंती दोन्ही बाजूंना इतक्या जवळ होत्या की दार पुरतं उघडत नव्हतं. उशी घेतलेली, उशी काढलेली, अनवाणी बसलेली, गाडीची माफी मागितलेली ती बाई त्यांना दिसत होती, आणि तिची कीव आली. कुणी मारलं असतं तर वळ तरी दिसला असता. चारचौघांत तिला हसलेल्या सगळ्यांचे चेहरे एकेक करून आठवले. त्यांच्याबरोबर हसणारा स्वतःचा चेहराही आठवला, आणि तो सगळ्यात वाईट होता.

मग त्यांनी सीटखाली हात घातला आणि खटका पलीकडे ढकलला. किल्ली फिरवली.

गाडी दोनदा खोकली आणि पेटली. पत्र्याचं गॅरेज थरथरायला लागलं, मागून काळा धूर निघाला, छपरावरून धूळ पडली. काकूंनी ॲक्सिलरेटरवर पाय दाबून धरला. पाय जरा सैल केला की इंजिन आचके द्यायला लागायचं. गाडी गरम होईपर्यंत पाय काढायचा नाही, नाहीतर पुन्हा सगळा डाव पहिल्यापासून, असं मिस्त्रीने बजावून ठेवलं होतं. गाडी उलटी बाहेर काढायची होती. त्यांनी आरशात पाहिलं.

फाटकात साहेब उभे होते.

भिंतीला चाचपत ते तिथवर आले होते, आणि आता फाटकाच्या बरोबर मधोमध, दोन्ही हात जरा पसरून उभे होते.

"कोण आहे गाडीत?" त्यांनी ओरडून विचारलं. "मिस्त्री परत आला का?"

काकूंनी काच खाली केली. "मी आहे."

साहेबांनी मान तिरकी केली. इंजिनचा आवाज ते ऐकत होते. तो आवाज आपल्या हाताशिवाय कसा आला ते त्यांना कुणी सांगायला नको होतं.

"लागली का हाताला?" शेवटी त्यांनी विचारलं. आवाज हसरा करायचा प्रयत्न होता.

"बैठक जमली," काकू म्हणाल्या.

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. माझाच डाग होता. ओळखला."

"चोरांसाठी लावला होता मी तो," साहेब म्हणाले. "तेव्हा गाड्या चोरीला जायच्या."

"दारातून एकदाच गेली होती गाडी. मीच नेली होती. आणि संध्याकाळी परत आणली होती."

"मला वाटलं होतं, नाही आणणार," साहेब म्हणाले. हे ते इतक्या हळू म्हणाले की इंजिनच्या आवाजात काकूंना अर्धंच ऐकू आलं, पण तेवढं पुरे होतं. रागात कीव मिसळली की राग पातळ होतो, आणि काकूंना तो पातळ व्हायला नको होता.

"अहो, सरका. मला मागे घ्यायचीय."

"जा की. मी कुठे अडवलंय?"

हे ते सवयीने बोलले, फाटकाच्या मधोमध उभे राहून. आणि मग त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्यांचे हात खाली आले.

"सरकू कुठे?" ते म्हणाले. "मला कुठे दिसतंय? तू ये. मला धरून बाजूला ने."

यात खोटं काही नव्हतं. त्यांना खरंच दिसत नव्हतं. काकूंनी उतरून त्यांचा दंड धरला असता तर पाय काढावा लागला असता, आणि गाडी बंद पडली असती. मग त्यांना खुर्चीवर बसवलं असतं, त्यांनी पाणी मागितलं असतं, थेंबांची वेळ झाली असती. कुणी अडवलं नसतं. इतकी वर्षं असंच कुणी अडवलं नव्हतं. काकूंच्या पायाला कळ लागली होती, आणि उतरायची सवय इतकी जुनी होती की त्यांचा हात दाराच्या कडीवर गेलासुद्धा.

त्यांनी तो हात परत घेतला.

"उजवा हात बाजूला करा," त्या खिडकीतून म्हणाल्या. "अजून. फाटकाचा खांब लागला?"

"लागला."

"त्याला धरून भिंतीकडे वळा. आता भिंतीभिंतीने चला. चला. सावकाश, पुढे पायरी आहे. अजून थोडं. बास. तिथेच थांबा. पाठ भिंतीला लावा."

साहेबांनी पाठ भिंतीला लावली. इतक्या वर्षांच्या संसारात काकूंच्या शब्दावर ते कुठे जाऊन उभे राहिले असतील तर ते इथे. काकूंनी हॉर्न दिला. हॉर्न वाजला की मी येतो, असं कंपाउंडरभावजींशी ठरलेलं होतं. शेजारचं दार उघडल्याचा आवाज आला, चपलांचा आवाज आला.

काकूंनी क्लच दाबून रिव्हर्स गिअर टाकला. गाडी एकदा हिसकली, मग हलली. पत्र्याच्या भिंती दोन्ही बाजूंनी पुढे सरकायला लागल्या.

काकूंना गाडी शिकवताना साहेब असेच भिंतीपाशी उभे राहून हात हलवत असत. आताही त्यांचा हात वर गेला. काही दिसत नसताना, तोंड भलतीकडेच करून, ते सवयीने म्हणायला लागले, "येऊ दे... येऊ दे... येऊ दे..."

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं नाही. त्या आरशात बघत होत्या. मागे रस्ता मोकळा होता. साहेब येऊ दे, येऊ दे म्हणत होते, आणि काकू जात होत्या.